विम्पी, बर्नी इन, लिटल शेफ... कुणाकुणाला आठवतंय?

उत्तरायण
मंडळी, गेल्या महिन्यात इथे इंग्लंडातल्या एका मराठी कार्यक्रमानंतर जेवताना कुणीतरी 'बर्नी इन' या इथल्या जुन्या स्टेकहाउस साखळीचं नाव काढलं आणि सत्तरी ओलांडलेली अख्खी रांग एकदम बोलायला लागली. प्रॉन कॉकटेल काय, ब्लॅक फॉरेस्ट काय. समोरची नव्याने आलेली आयटीवाली पोरं नुसती बघत होती. शेवटी एकाने विचारलंच, "काका, पण होतं काय त्यात? चिप्स आणि वाटाणेच ना?" काकांना उत्तर सुचेना. बासुंदी वाढायला आली आणि विषय तिथेच राहिला.

मी रेडिंगचा. लिटल शेफ आमच्याच गावात १९५८ साली सुरू झालं. सॅम अल्पर नावाचा कॅरव्हॅन बनवणारा उद्योजक होता, त्याने अमेरिकेतली रस्त्याकाठची डायनर्स पाहून इथे अकरा खुर्च्यांचं एक टिकलीएवढं दुकान टाकलं. पुढे त्याची चारशेवर झाली. माझ्या लहानपणी लांबच्या प्रवासात तो लाल-पांढरा जाडा शेफ दिसला की मागच्या सीटवर आमचा आरडाओरडा सुरू. चेरीवाले ज्युबिली पॅनकेक आणि निघताना फुकटचा लॉलीपॉप.

तर दोन प्रश्न. एक, तुम्हाला काय आठवतं? आणि दोन, खरं सांगा, ते जेवण चांगलं होतं का?

फणसपोळी
विम्पी विम्पी विम्पी!

कॉव्हेंट्रीत वाढले मी. शनिवारचा बाजार झाला की आईबाबा विम्पीत न्यायचे. टेबलाशी बसायचं, बाई वही घेऊन यायची आणि बर्गर चिनीमातीच्या बशीत यायचा, काट्यासुरीसकट. वडापाव काट्याचमच्याने खाण्यातला प्रकार, पण आमच्या लेखी बर्गर खायची रीत तीच. पुढे पहिल्यांदा मॅक्डोनल्ड्समध्ये गेलो तेव्हा कागदात गुंडाळलेला बर्गर बघून धाकट्या भावाने विचारलं, "आपल्याला आत बसू देणार नाहीत का?"

टेबलावर टोमॅटोच्या आकाराची लाल प्लास्टिकची केचपची बाटली असायची, देठ हिरवा. तो देठ कायम चिकट. आई शाकाहारी, ती बरीच वर्षं नुसते चिप्स आणि चहा घ्यायची. मग ऐंशीच्या दशकात स्पायसी बीनबर्गर आला. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मेल्यांना मीठमिरची कळायला लागली."

खवचट_खंडू
आणि बेंडर? सॉसेजला कडेने चिरा द्यायच्या, तव्यावर ते वळून गोल झालं की बर्गरच्या पावात बसवायचं. लांब सॉसेजसाठी लांब पाव आणण्यापेक्षा सॉसेजच वाकवलं. या एका पदार्थात ब्रिटिश प्रशासन कसं चालतं ते सगळं आलं.

चहाबाज
हसून हसून पुरेवाट, खंडू. ब्राउन डर्बी विसरू नका. गरम डोनट, त्यावर आइस्क्रीम, त्यावर चॉकलेट सॉस आणि दाण्यांचा कूट.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
उत्तरायण, तुमच्या त्या काकांच्या वतीने मी उत्तर देतो. जरा लांबण लागेल.

मी १९६८ साली आलो. सरकार तीन पौंडच बरोबर नेऊ द्यायचं, ते खिशात. पहिलं वर्ष हॉस्पिटलच्या मेसमध्येच गेलं. बाहेर जेवायचं म्हटलं की पोटात गोळा. बऱ्या ठिकाणी मेनू फ्रेंचमध्ये. वेटर ऑर्डर घेताना आपल्या कोटाकडे बघणार. कुठला काटा कधी उचलायचा माहीत नाही. आणि सगळ्यात मोठी भीती बिलाची. महिन्याच्या पगारातून घरी पैसे जायचे, बहिणीचं लग्न व्हायचं होतं. त्यात एका जेवणाने खड्डा पडला तर?

आमच्या वॉर्डची सिस्टर एकदा आम्हा तिघाचौघांना घेऊन ब्रिस्टलच्या रमरमध्ये गेली. तेच मूळ बर्नी इन. जुनी इमारत, काळं पडलेलं लाकूड, मिणमिणते दिवे. कार्डावर मोजून पाच-सहा पदार्थ. प्रत्येकापुढे एक किंमत, आणि त्या किमतीतच पाव-लोणी आणि शेवटी आइस्क्रीम नाहीतर चीज-बिस्किटं. खुर्चीत बसण्याआधी बिल किती होणार ते पाठ. मेनू इंग्रजीत. 'कसा भाजू?' हा एकच प्रश्न, त्याचंही उत्तर शेजारचा देतो तेच द्यायचं.

त्या रात्री माझ्याबरोबर बसलेला वॉर्डबॉय, चांगला पन्नाशीचा इंग्रज, तोही आयुष्यात पहिल्यांदाच अशा ठिकाणी जेवत होता. त्याचेही हात माझ्याइतकेच थरथरत होते. हे मी विसरलेलो नाही.

स्टेक कशाचा असतो हे मला ठाऊक होतं. खाल्ला. घरी पत्रात 'इथे मासे चांगले मिळतात' एवढंच लिहिलं. सौ. आल्यावर मात्र प्लेस मासाच मागवू लागलो.

संदर्भप्रेमी
डॉक्टरसाहेब, सुंदर. थोडी भर घालतो.

फ्रँक आणि आल्डो बर्नी हे भाऊ इटलीतल्या बार्दी गावचे. वेल्समधले किती तरी कॅफेवाले त्याच डोंगराळ मुलखातून आलेले. महायुद्धानंतर इथे मांस रेशनवर होतं, ते बंधन १९५४च्या जुलैत उठलं आणि १९५५ साली बर्नींनी रमरमध्ये स्टेकचं दुकान थाटलं. चौदा वर्षं मांसाला मोताद झालेल्या लोकांना काय हवंय ते त्यांनी बरोबर हेरलं होतं. पदार्थ कमी ठेवले की मोठा आचारी लागत नाही, उरतं कमी, किंमत खाली राहते. १९७० मध्ये ग्रँड मेट्रोपॉलिटन कंपनीने तो धंदा १ कोटी ४५ लाख पौंडांना विकत घेतला. १९९५ला व्हिटब्रेड कंपनीकडे गेला आणि बऱ्याच बर्नींवर त्यांच्या बीफईटर या साखळीची पाटी चढली.

म्हणजे ज्याला आपण अस्सल इंग्रज जेवण म्हणून डोळे पुसतोय ते दोन इटालियन भावांनी उभं केलेलं. विम्पीचं नाव तर पॉपायच्या कार्टूनमधल्या बर्गरखाऊ पात्राचं, मूळ अमेरिकन.

खवचट_खंडू
मला एकच सांगा. सत्तरच्या दशकातल्या त्या मेनूंवर 'सुरुवातीचे पदार्थ' या सदरात संत्र्याचा रस असायचा. छोटा ग्लास, खाली बशी, बशीत नक्षीचा कागद. रस हा पदार्थ! दुसरा पर्याय, अर्धं ग्रेपफ्रूट, वर लाल चेरी. तिसरा, खरबुजाची फोड. बाबा म्हणायचे, "हे लोक उपास सोडताहेत की जेवताहेत?"

सखी_साउथॉल
शाकाहारी माणसाची तीच तर मुख्य मेजवानी होती हो. रस, मग चीज सॅलड: लेट्यूसची दोन पानं, व्हिनेगरमधलं बीट, किसलेलं चीज आणि सॅलड क्रीम नावाचं ते पिवळसर गोड प्रकरण. नाहीतर ऑम्लेट-चिप्स. अंडं खात नसाल तर ऑम्लेट वजा करा.

पबमध्ये 'प्लोमन्स लंच' मिळालं तर दिवाळी. चीजचा मोठा तुकडा, पाव आणि ब्रॅन्स्टन पिकल. आमची आजी इथे आली होती तेव्हा तिने ते पिकल चाखून "गुळांब्यात कुणीतरी व्हिनेगर सांडलंय" असा निकाल दिला, आणि परत जाताना दोन बाटल्या घेऊन गेली.

पिंगळा
मला या धाग्याची गंमत वाटते आणि थोडी चीडही येते. ज्या काळात अनेक पबांत आपल्याकडे बघून गप्पा थांबायच्या, त्या काळाच्या चिप्स-वाटाण्यांसाठी आपण उसासे टाकतोय? लंडनमधल्या ड्रमंड स्ट्रीटवर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून दिवाणा भेळपुरी हाउस होतं. स्ट्रँडवर इंडिया क्लब होता, कृष्ण मेनन आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटलेल्या इंडिया लीगच्या मंडळींचा अड्डा, जिने चढून जायचं, फॉर्मायकाची टेबलं आणि डोसा. तो २०२३च्या सप्टेंबरात बंद झाला तेव्हा इथे किती प्रतिसाद आले होते? साहेबाचा बेचव घास मात्र गोड.

फणसपोळी
पिंगळा, कॉव्हेंट्रीहून ड्रमंड स्ट्रीट शंभर मैल आहे. शनिवारी बाजारातून तिथे जायचं म्हणता?

निवृत्त_भूलतज्ज्ञ
पिंगळा, इंडिया क्लबात मीही जेवलोय, आणि तिथला डोसा खाताना गळा दाटून यायचा. पण लंडनला वर्षातून एखाद्या वेळी जाणं व्हायचं. बाकीचे दिवस डेव्हनमधल्या आणि वेल्समधल्या लहान लहान गावांत गेले. आम्हा परदेशी डॉक्टरांना नोकऱ्या जिथे इथल्यांना नको असत तिथेच मिळायच्या. त्या गावात बाहेर जेवायचं तर पब किंवा ही असली साखळी. पबात तुम्ही म्हणता ते होत असे. मीही अनुभवलंय, गाव आणि पब सांगत नाही. साखळीतल्या पोरीला मात्र एका तासात टेबल रिकामं करायचं असायचं. तिला माझ्या रंगाकडे बघायला सवड नव्हती.

पिंगळा
हे पटलं. पण विम्पीचा एक इतिहास सांगून ठेवतो. रात्री बारानंतर एकट्या बाईला विम्पीत वाढायचं नाही असा नियम होता, सोबत पुरुष हवा. १९७०च्या आसपास स्त्रीमुक्तीवाल्या बायकांनी त्याविरुद्ध आत ठिय्या दिला होता. आठवणींच्या बीनबर्गरबरोबर हेही वाढा.

सखी_साउथॉल
+१. रात्रपाळीच्या नर्सेसनी काय करायचं मग? माझी आत्या तेव्हा नर्स होती. फ्लास्कमध्ये चहा घेऊन फिरायची, त्याचं कारण आज कळलं.

संदर्भप्रेमी
विम्पीच्या आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. इथे विम्पी आणली ती जे. लायन्स अँड कंपनीने, १९५४ साली, लंडनच्या कॉव्हेंट्री स्ट्रीटवरच्या कॉर्नर हाउसमध्ये एक कोपरा देऊन. आणि हे कॉर्नर हाउस म्हणजे काय प्रस्थ होतं! १९०९ साली सुरू झालं. चार-पाच मजले, प्रत्येक मजल्यावर वेगळं रेस्टॉरंट, वाद्यवृंद वाजतोय, खाली तयार पदार्थांचं दुकान, केस कापायची सोय, नाटकाची तिकिटंही तिथेच. काही काळ तर चोवीस तास उघडं. कारकून, दुकानातल्या मुली, सुट्टीवरचे सैनिक, सगळे तिथे. लायन्सचं पहिलं चहाचं दुकान पिकॅडिलीत १८९४ साली निघालं होतं.

वाढणाऱ्या मुलींना 'निपी' म्हणत. काळा झगा, मोत्यांसारख्या गुंड्यांच्या दोन रांगा, त्या गुंड्या लाल दोऱ्याने शिवलेल्या, वर पांढरा एप्रन. देशभर प्रसिद्ध होत्या त्या.

आता माझ्या आवडीचा भाग. रोज लाखो बन, केक आणि चहाच्या कपांचा हिशेब ठेवता ठेवता लायन्सचे लोक कावले. मग त्यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रकल्पाला पैसे आणि एक माणूस दिला, तिथलं ज्ञान घेतलं आणि स्वतःचा संगणक बांधला. त्याचं नाव लिओ. १९५१ साली त्याने बेकरीतल्या मालाची किंमत काढायचं काम सुरू केलं. धंद्याच्या रोजच्या कामाला लावलेला जगातला पहिला संगणक तोच. उत्तरायण, तुमच्या त्या आयटीवाल्या पोरांना सांगा, तुमच्या धंद्याचा आद्यपुरुष केकच्या दुकानात जन्मला.

लिंबूटिंबू
आयटीवाल्या पोरांपैकी एक हजर आहे. हे कुणी शिकवलंच नव्हतं. दंडवत.

खवचट_खंडू
म्हणजे पहिल्या दिवसापासून आपण बेकरीचाच हिशेब करतोय. फक्त आता त्याला क्लाउड म्हणतात.

चहाबाज
मी जरा स्वयंपाकघराच्या बाजूने लिहितो. माझी आई लेस्टरमध्ये एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या कॅफेटेरियात कामाला होती. आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका बऱ्याच, त्यात आई एकटी मराठी. सगळ्यांचं बोलणं गुजरातीत, त्यामुळे मला मराठीच्या आधी 'केम छो' येत होतं.

सकाळी साडेसातला बटाटे, मोठ्या भांड्यात ग्रेव्ही, ट्रेमध्ये स्टेक अँड किडनी पाय. आई शाकाहारी. चव न घेता नुसत्या वासावरून ग्रेव्हीत मीठ किती ते सांगायची. आणि जेवायला येणारी माणसं ठरलेली. मंगळवारी पेन्शन काढून येणाऱ्या म्हाताऱ्या, एक चहा आणि एक टीकेक, दोन तास. त्यांना कुणी उठवायचं नाही असं मॅनेजरीणबाईंनी बजावून ठेवलेलं. हिवाळ्यात तर त्या तिथे ऊब मिळते म्हणूनच येत. आई संपूर्ण इंग्रजी त्या म्हाताऱ्यांकडून शिकली, त्यामुळे तिचं इंग्रजी आजही 'मी डक' (तिकडची 'बाळा'सारखी लाडाची हाक) छापाचं आहे.

बीएचएस या मोठ्या दुकानसाखळीच्या वरच्या मजल्यांवरही हेच चित्र होतं. २०१६ला बीएचएस बुडालं तेव्हा टीव्हीवर सगळे नोकऱ्या आणि पेन्शन फंडाबद्दल बोलत होते, तेही खरंच. आई एवढंच म्हणाली, "आता मंगळवारी त्या कुठे बसतील?"

फणसपोळी
चहाबाज, आईंना माझा नमस्कार सांगा.

मोटारवाला_माधव (हे टोपणनाव आहे, मी माधव नाही)
रस्त्याकाठच्या खाण्यावर कुणी बोलेना म्हणून आलो. एम-१ हा मोटरवे १९५९च्या नोव्हेंबरात खुला झाला तेव्हा वॉटफर्ड गॅप आणि न्यूपोर्ट पॅग्नेल ही विश्रांतिस्थळंही त्याच दिवशी. सुरुवातीला लोक रविवारी मुद्दाम गाडी काढून तिथे चहा प्यायला जात, म्हणजे बघा.

पण शिरोमणी म्हणजे लँकेस्टरजवळचा फोर्टनचा पेनाइन टॉवर. १९६५ साली बांधलेला, विमानतळाच्या मनोऱ्यासारखा षट्कोनी, वर रेस्टॉरंट. खाली एम-६ वाहतोय, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला मोअरकँबची खाडी. १९८९ पासून वर जाता येत नाही, पण २०१२ मध्ये त्याला वारसा इमारतीचा दर्जा मिळाला. लेक डिस्ट्रिक्टला जाताना बाबा दर वेळी दाखवायचे, "इथे तुझी आई आणि मी वर बसून जेवलो होतो." काय जेवला होतात, विचारलं तर दोघांची उत्तरं वेगळी.

लिंबूटिंबू
हॅपी ईटर म्हणजे तोच ना, तोंडात बोट घातलेल्या गोल चेहऱ्याचा?

मोटारवाला_माधव
तोच. १९७३ साली निघाला. लिटल शेफपेक्षा मुलांना जास्त आवडायचा, कारण बाहेर घसरगुंड्या आणि खेळायची जागा. आईबाप मात्र त्या बोटाकडे बघून म्हणत, हा खातोय की ओकायच्या बेतात आहे? पंतप्रधान जॉन मेजर नाश्त्याला हॅपी ईटरमध्ये थांबले तर वर्तमानपत्रांनी केवढी टर उडवली होती. पुढे दोन्ही साखळ्या फोर्टे कंपनीच्या एकाच छत्राखाली आल्या आणि हॅपी ईटरच्या सगळ्या शाखा लिटल शेफमध्ये विरघळल्या. मग लिटल शेफची मालकी या हातातून त्या हातात. हेस्टन ब्लूमेन्थलसारख्या नामांकित शेफला टीव्हीवर बोलावून पॉपहमच्या शाखेचा मेनू बदलून पाहिला, तरी २०१८ मध्ये नाव पुसलंच गेलं. गाड्या वेगवान झाल्या, बाह्यवळणं झाली, पेट्रोलपंपावरच सँडविच मिळायला लागलं. चाळीस मिनिटं बसून अंडी-बीन्स खायला थांबणार कोण?

सखी_साउथॉल
अवांतर: यॉर्कशरमध्ये गोमांसाच्या चरबीत चिप्स तळायची परंपरा आहे हे कुणीच लिहिलं नाही. आम्ही एका गावात "शाकाहारी आहोत, फक्त चिप्स द्या" म्हणून आनंदाने खाऊन बाहेर पडलो आणि दारावरची पाटी नंतर वाचली. दुकानाचं नाव सांगत नाही. सासूबाई गाडीत ब्रॅडफर्डपर्यंत गप्प होत्या, मग म्हणाल्या, "चिप्स मात्र कुरकुरीत होते."

व्यवस्थापक
स्टेक आणि चरबीवरून सुरू झालेले एकोणीस प्रतिसाद 'काय खावे, काय खाऊ नये' या जुन्या धाग्यावर हलवले आहेत. तिथे जागा भरपूर आहे.

दिल्लीकर_देशपांडी
विलायतेत कधी गेले नाही, पण ऐंशीच्या दशकात दिल्लीत जनपथला विम्पी होतं! कॉलेजात असताना वाढदिवसाची पार्टी तिथे मिळणं म्हणजे मान. इथे बर्गर गाईचा नव्हता एवढं नक्की. तुमच्याकडे ते कामगारवस्तीतल्या बाजारात होतं हे वाचून गंमत वाटली. आम्ही चांगले कपडे घालून जायचो.

लिंबूटिंबू
आता माझा नंबर. मी २०१५ नंतरचा, माझ्या वाट्याला हार्वेस्टर ही साखळी आली. "याआधी कधी हार्वेस्टरला आला आहात का?" असं दारातच विचारतात. जेवणाबरोबर सॅलड बार हवा तितका. ऑफिसातली आम्ही चार शाकाहारी पोरं वाडगे भरभरून पास्ता, कॉर्न, कोलस्लॉ, क्रुटॉन. मुख्य पदार्थ आला की पोटात जागाच नाही. आज नावं ठेवतो, पण पंधरा वर्षांनी मीही असाच धागा काढणार, हे आत्ता कळतंय.

बीफईटरवाल्या व्हिटब्रेडने २०२४ मध्ये दोनशेवर रेस्टॉरंटं कमी करायचं, काही विकायची आणि बाकीच्यांच्या जागी हॉटेलच्या खोल्या काढायच्या, असं जाहीर केलं. त्यामुळे घाई करा.

उत्तरायण
सगळ्यांचे आभार, पण दुसऱ्या प्रश्नाला प्रत्येकाने बगल दिली आहे. जेवण चांगलं होतं का? हो की नाही?

फणसपोळी
बीनबर्गर, हो. बाकी, नाही.

चहाबाज
आईला विचारलं. म्हणाली, "ग्रेव्ही चांगली होती. मी करायचे ना."

मोटारवाला_माधव
भूक लागलेली असायची आणि आतमध्ये ऊब होती. पाऊस पडत असताना कारमधून उतरून जे मिळेल ते चांगलंच लागतं. माझ्याकडून 'हो', पण कोरड्या हवेत विचारलं तर सांगता येत नाही.

पिंगळा
नाही. आणि २००७ पर्यंत शेजारच्या टेबलावरचा माणूस सिगरेट ओढायचा, तो धूरही त्याच जेवणात धरा.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
वाटाणे गोठवलेले, टोमॅटो अर्धा करपलेला, कोळंबीवर गुलाबी सॉस इतका की कोळंबी शोधावी लागे. भूलतज्ज्ञ म्हणून सांगतो, संवेदना बधिर करायला तो सॉस पुरेसा होता. जेवण सामान्य होतं. पण पहिला पगारवाढीचा महिना, मुलीचा जन्म, परीक्षेचा निकाल, हे सगळं आम्ही तिथेच साजरं केलं, कारण दुसरीकडे जायला आम्हाला धीर नव्हता. पुढे पैसे आले, लंडनमध्ये भारी भारी ठिकाणी जेवलो. त्यातल्या एकाचंही नाव चटकन सांगता येणार नाही.

दिल्लीकर_देशपांडी
एक शंका. त्या बर्नीवाल्या ब्लॅक फॉरेस्ट केकची पाककृती कुणाकडे आहे का? मुलीच्या वाढदिवसाला करीन म्हणते.

चहाबाज
आईच्या कॅफेटेरियात तरी ती खोक्यातून गोठवलेलीच यायची हो ताई. सकाळी बाहेर काढून ठेवायची, हीच पाकृ.